बेगड आणि कोंदण : दागिन्यातल्या रंगाचा विस्तव

जडावाच्या कामातले दोन शब्द आपण रोजच्या बोलण्यात वापरतो आणि ते कुठून आले हे विसरून जातो. गुणी माणसाला योग्य जागा मिळाली की आपण म्हणतो, हिऱ्याला कोंदण मिळाले. आणि वरवरचा झगमगाट उघडा पडला की म्हणतो, सगळे बेगडी निघाले. एक शब्द कौतुकाचा, दुसरा निंदेचा. पण जुना जडावाचा दागिना उलटून, उघडून पाहिला तर या दोन्ही वस्तू एकाच खड्याला चिकटून बसलेल्या सापडतात. खड्याच्या कडेने दाबून बसवलेले शुद्ध सोने ते कोंदण. आणि त्याच खड्याच्या पोटाखाली अंथरलेला चकचकीत पातळ पत्रा, ज्याला कारागीर डांक म्हणतात, तो बेगडाच्याच जातीचा. कोंदण खड्याला धरून ठेवते आणि डांक त्याला रंग देते. म्हणजे ज्या रंगावर आपण भाळतो, तो निम्मा बेगडाचा असतो.

या लेखाचा विषय हाच आहे. हाताने घडवलेल्या दागिन्यात रंग कुठून येतो, तो आणण्यासाठी कारागिरांनी काय काय करून पाहिले, आणि त्यातले खरे कोणते व बेगडी कोणते हे ठरवायचे कसे. मी पुरातत्त्वाची पदवीधर नाही, रत्नशास्त्राचीही नाही. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून, ग्रंथालयांत आणि कारागिरांच्या ओट्यांवर बसून जे जमा होत गेले, आणि घरामागच्या परसात जे स्वतः भाजून, उगाळून पाहिले, तेवढ्या भांडवलावर लिहिते आहे.

कोंदणापासून सुरुवात करू. आज अंगठीत खडा बसवतात तो बहुधा नख्यांच्या पकडीत, आणि मागची बाजू उघडी ठेवून, म्हणजे प्रकाश आरपार जावा म्हणून. जुन्या कामाची रीत याच्या नेमकी उलटी. सोन्याच्या पत्र्याचे पोकळ घर करायचे, त्यात लाख भरायची, लाखेवर डांक ठेवायचा, त्यावर खडा, आणि मग खड्याच्या भोवती अतिशुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या पोलादी टोच्याने दाबत जायच्या. सोने इतके शुद्ध असले की त्याला जोडायला विस्तव लागत नाही. नुसत्या दाबाने थर थरात मिसळून जातो. खड्याची मागची बाजू कायमची बंद. आत गेलेला प्रकाश डांकावर आपटून त्याच वाटेने परत येतो, आणि येताना डांकाचा रंग घेऊन येतो.

हा डांक म्हणजे रंगाची खरी प्रयोगशाळा. चपट्या, पैलू नसलेल्या हिऱ्याखाली स्वच्छ चांदीचा डांक, म्हणजे तो आरशासारखा लखलखतो. फिकट माणकाखाली तांबडा, पाचूखाली हिरवा. वाचताना हे सोपे वाटते. पण बारा माणकांची एक ओळ बसवायची आहे आणि बाराही खडे वेगवेगळ्या दगडांतून आलेले, कुणी गुलाबी, कुणी जांभळटाकडे झुकलेले, अशी कल्पना करा. कारागीर एकेका खड्याखाली वेगवेगळ्या छटेचा डांक धरून पाहतो, बदलतो, पुन्हा पाहतो. सगळे बारा एका रंगाचे दिसू लागले की मग कोंदण भरतो. तिथे वहीत काही लिहिले जात नाही, म्हणून आपण त्याला प्रयोग म्हणत नाही, एवढेच.

आमच्या घरात आजीकडून आलेल्या तन्मणीचे खोड होते, लाल खड्यांचे. ते उजळायला एका सराफाकडे दिले. तिथे ते इतर सोन्याबरोबर गरम साबणाच्या पाण्यात भिजत पडले. परत आले तेव्हा सोने लख्ख आणि खडे चहाच्या चोथ्यासारखे. पाणी कोंदणाच्या फटीतून आत शिरले होते आणि डांक काळवंडला होता. ‘खडे मुळात नकलीच होते, आता रंग उघडा पडला,’ असे आम्हाला सांगण्यात आले. मी ते खोड उघडून घेतले. खडे खरे होते, फिकट पण खरे, आणि खाली काळ्या पडलेल्या चांदीच्या कपच्या. एका कपचीच्या दुमडलेल्या कोपऱ्यात किरमिजी रंग जसाच्या तसा राहिला होता. तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येक घरी सांगत असते, कोंदणातला दागिना पाण्यात बुडवू नका, अत्तर-फवारेही लांब ठेवा, आणि दुरुस्तीला द्यायचा तर आधी त्याचे चांगल्या उजेडात छायाचित्र घ्या. त्या रंगाची दुसरी कुठलीही नोंद असत नाही.

जडावाच्या कामाचा क्रम नीट पाहिला की रंगाविषयी आणखी एक गोष्ट कळते. अनेक जुन्या जडावांच्या पाठीवर मीनाकाम असते. मीना म्हणजे धातूच्या भस्मांनी रंगवलेली काच. सोन्याच्या पत्र्यावर कोरून खोलगट घरे करतात, पाण्यात वाटलेली काचेची पूड त्यांत भरतात आणि भट्टीत घालून वितळवतात. लाख तर समईच्या आचेनेही पाझरते. तेव्हा मीना आधी, लाख नंतर, खडा त्याच्यानंतर आणि कोंदण शेवटी. हा क्रम सौंदर्यदृष्टीने ठरलेला नाही, तो विस्तवाने ठरवलेला आहे.

आणि मीन्याच्या आतही तोच न्याय. प्रत्येक रंगाची काच वेगळ्या आचेला वितळते. जी सर्वांत जास्त आच सोसते ती पहिली भरायची, जी सर्वांत नाजूक ती शेवटी. नाहीतर दुसऱ्या रंगासाठी भट्टी तापवली की पहिला रंग वाहून जाईल किंवा करपेल. जयपूरच्या रीतीत पांढरा आधी येतो आणि तांबडा शेवटी. एस. एस. जेकब आणि टी. एच. हेंडले यांनी १८८६ साली जयपूरच्या मीन्यावर एक देखणे पुस्तक काढले. त्यातली चित्रे पाहताना डोळा पहिल्यांदा त्या तांबड्यावर जातो. सोन्यावर आरपार दिसणारा, माणकासारखा लाल मीना ही जयपूरची खूण. तो शेवटी बसवतात, कारण थोडी आच जास्त झाली तरी तो मेलाच. चांदीवर तर तो लालच राहत नाही, पिवळट किंवा तपकिरी होतो. म्हणून चांदीच्या मीन्यात निळे आणि हिरवे रंग जास्त दिसतात. ही आवडीनिवडीची बाब आहे असे कुणाला वाटेल. पण इथे आवड बऱ्याच अंशी रसायनाच्या मागून गेली आहे.

निळा कोबाल्टचा, हिरवा आणि पिरोजी तांब्याचा, अपारदर्शक पांढरा कथलाचा. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, शुद्ध चांदी साधारण ९६१ अंशांना, आणि मीन्याची भट्टी ढोबळमानाने ७५० ते ८५० च्या दरम्यान चालते. म्हणजे चांदीवर काम करणाऱ्याच्या हातात चुकीला जागा फार थोडी. तापमापक नसताना ही माणसे भट्टीच्या तोंडाशी दिसणाऱ्या विस्तवाच्या रंगावरून आच ओळखत आली. रंग बसवण्यासाठी रंगच वाचायचा! कोरलेल्या घराच्या तळाशी ते बारीक रेघाही मारतात. दिसायला ते नक्षीकाम, पण रेघांवरून प्रकाश तुटून परततो आणि काच सजीव वाटते. शिवाय त्या रेघांना काच घट्ट धरून बसते.

सोन्याच्या स्वतःच्या रंगाबद्दल थोडक्यात. आपण ‘सोनेरी’ हा एकच रंग मानतो. कारागीर तसे मानत नाही. तांबे वाढले की सोने लालीवर जाते, चांदी वाढली की फिकट, हिरवट. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्षाचे जे प्रकरण आहे, त्यात तांब्याच्या प्रमाणावरून सोन्याचे सोळा वर्ण सांगितले आहेत, आणि शिशाबरोबर शुद्ध करून, क्षाराने उजळलेल्या सोन्यातून निळ्या-पिवळ्यापासून पोपटाच्या पिसासारख्या छटांपर्यंत रंग काढता येतात असे म्हटले आहे. या छटा प्रत्यक्षात कशा दिसत असतील यावर अभ्यासकांना वाद घालू द्या. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे, की धातूच्या रंगाशी खेळणे ही कालपरवाची फॅशन नाही.

तुरटी, मीठ आणि सोरा यांच्या मिश्रणात दागिना उकळून उजळण्याची रीत सोनारांकडे होती. हे क्षार पृष्ठभागावरचे तांबे खाऊन टाकतात आणि वरच्या थरात सोन्याचे प्रमाण वाढते. आतले सोने हलकेच, पण वरची कांती उंची सोन्याची. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबस-पूर्व कारागिरांनी तांबेमिश्रित सोन्यावर हीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली होती. ही फसवणूक आहे का? कसोटीच्या दगडावर जरा जोरात घासले की खरे काय ते कळते, आणि सोनाराला हे ठाऊक असतेच. फसवणूक दागिन्यात नसते, किंमत सांगणाऱ्या तोंडात असते. आज आपल्याकडे ‘गेरू पॉलिश’ म्हणून सोन्यावर जी मातकट लाली आणतात, तिला कुणी बेगडी म्हणत नाही. उलट पारंपरिक म्हणून ती मागून घेतात.

गेरूचे नाव निघाले आहे तर आता माझ्या आवडत्या दगडाकडे वळते.

लाल अकीक, ज्याला इंग्रजीवरून आपण कार्नेलियन म्हणतो, तो दगड निसर्गात त्या लाल रंगात फार क्वचित सापडतो. खाणीतून निघतो तेव्हा तो मळकट पिवळा, राखाडी, हरणाच्या पाठीसारखा तपकिरी असतो. बाजारात, संग्रहालयात, उत्खननातल्या मण्यांत जो शेंदरी ते डाळिंबी लाल दिसतो तो बहुतांशी विस्तवातून काढलेला. हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांपासून ही रीत चालत आली आहे. त्यांचे लांबच लांब लाल मणी इराकमधल्या उर येथील राजघराण्याच्या दफनभूमीत सापडले. आजही हे काम गुजरातेत खंभातला चालते. कच्चा दगड मुख्यतः भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या परिसरातून येतो. तिथल्या टेकडीवर बावा गोर या सिद्दी संताचा दर्गा आहे, आणि अकिकाचा धंदा त्यांनीच वाढवला अशी श्रद्धा आहे.

या दगडाचे आणि आपले नाते जवळचे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली सिलिका थराथराने साठत गेली. तोच अकीक. महाराष्ट्राचा मोठा भाग याच काळ्या कातळावर वसला आहे, म्हणून आपल्या नद्यांच्या रेतीत अकिकाचे गोटे सापडतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासी पुस्तिकेत भडोचच्या बंदराचे वर्णन आहे. पैठणहून तिथे बैलगाड्यांतून, वाट नसलेल्या मुलुखातून, या जातीचा दगड मोठ्या प्रमाणावर येई, आणि तेर, म्हणजे तेव्हाचे तगर, इथून कापड येई, असे तो सांगतो. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ कुणी कार्नेलियन करतात, कुणी ऑनिक्स. दोन्ही एकाच कुळातले. नागपूरजवळच्या माहूरझरीला तर मणी घडवण्याचे जुने केंद्रच होते; तिथले तांबडे मणी पाहिले की दगडावरचे नियंत्रण किती पक्के होते ते कळते.

खंभातची पद्धत अशी. दगड आधी महिनोन्महिने उन्हात वाळवायचे, अधूनमधून फिरवत. मग मातीच्या मडक्यांत घालून भुसा आणि राखेच्या मंद विस्तवात रात्रभर ठेवायचे. थंड झाल्यावर फोडून आकार द्यायचा. त्यासाठी जमिनीत तिरकी रोवलेली टोकदार लोखंडी सळई असते. दगड तिच्या टोकाला टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने वरून टिचकी मारल्यासारखे ठोकायचे. कपची आतल्या बाजूने निघते. मग पुन्हा भाजायचे, भोक पाडायचे, झिलई द्यायची. भाजण्याने रंग तर येतोच, शिवाय दगड कापायला सोपा होतो. मार्क केनॉयर, मासिमो विदाले आणि कुलदीप भान यांनी खंभातच्या या कामाचा बारकाईने अभ्यास केला आहे. व्हॅलेंटाइन रू यांनीही. हडप्पाच्या कारखान्यांचा उलगडा करण्यासाठी विद्वानांना जिवंत कारागिरांच्या पायाशी बसावे लागले, हे मला फार समाधान देणारे वाटते.

मी हे प्रवरेच्या पात्रातल्या गोट्यांवर करून पाहिले. उन्हाळ्यात नदी आटली की पिवळट, मधाच्या रंगाचे, उजेडाकडे धरले तर कडेने प्रकाश झिरपू देणारे गोटे वेचायचे. त्यांचे तीन वाटे केले. एक वाटा चैत्र-वैशाख गच्चीवर वाळवलेला. दुसरा तितकाच वाळवलेला पण विस्तवात लगेच तीव्र आच दिलेला. तिसरा मुद्दाम न वाळवता, नदीतून आणल्या आणल्या भाजलेला. मडक्यात बारीक चाळलेली राख, त्यात गोटे एकमेकांना न लागतील असे, वर झाकण, भोवती भाताचा तूस आणि गोवऱ्या. रात्रभर धुमसू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात लावायचा नाही.

न वाळवलेल्या वाट्यातून रात्री फटाफट आवाज येत होते. सकाळी त्यातले बहुतेक तडकलेले. तीव्र आचेच्या वाट्यात रंग आला पण पोटात केसासारख्या भेगा. असा दगड मणी करायला निरुपयोगी, भोक पाडताना दुभंगतो. वाळवलेल्या आणि मंद आचेच्या वाट्यात निम्म्याहून कमी गोटे लाल झाले. काही पार पांढरे पडले, दुधाळ. काही जसेच्या तसे. लाल झालेल्यांतही एकाचा रंग विटेचा, एकाचा पिकल्या करवंदाच्या रसाचा, आणि एकात पट्ट्यापट्ट्यांनी दोन्ही.

असे का होते, त्याचे उत्तर लोखंडात आहे. दगडाच्या सूक्ष्म रंध्रांत लोहाचे जे संयुग असते त्याच्यात पाण्याचा अंश बांधलेला असतो, आणि तोवर ते पिवळे-तपकिरी दिसते. साधारण ३०० अंशांच्या आसपास तापवले की हे पाणी निघून जाते आणि उरते ते लाल लोहभस्म. पिवळी काव लोखंडी तव्यावर चांगली तापवली तर डोळ्यांदेखत ती गेरूच्या रंगाची होते. कुंभाराचे मडके भाजल्यावर लाल होते तेही याच कुळातले. ज्या गोट्यात लोह नाही तो पांढरा पडणार, कितीही भाजा. म्हणजे कारागीर दगडाला रंग देत नाही. दगडात लोह आहे की नाही हे कच्च्या दगडावरून ओळखणे, आणि ते बाहेर येईल पण दगड तुटणार नाही एवढाच विस्तव देणे, हे त्याचे काम. वाळवण्याचे महत्त्वही इथेच. रंध्रांत मोकळे पाणी राहिले तर त्याची वाफ दगड फोडते. चार महिने ऊन देण्याची रीत कुणाच्या तरी असंख्य फुटलेल्या दगडांतून आली असणार.

यापुढचा प्रयोग आणखी अचाट आहे. लाल दगडावर पांढरी नक्षी! असे मणी हडप्पा स्थळांवर, इराकमध्ये आणि नंतरच्या ऐतिहासिक काळात तक्षशिलेपासून दख्खनपर्यंत सापडतात. रेघा कोरलेल्या नाहीत, रंगवलेल्याही नाहीत. नखाने खरवडून जात नाहीत. अर्नेस्ट मॅके यांना १९३०च्या दशकाच्या आरंभी सिंधमधल्या सेहवानला एका वृद्ध कारागिराकडून याची रीत कळली. सज्जीखार आणि करीराच्या, म्हणजे आपल्या नेपतीच्या, कोवळ्या फुटव्यांचा रस यांचा लेप करायचा, तो बोरूने दगडावर रेखायचा, वाळवायचा, आणि दगड निखाऱ्यात तापवायचा. क्षार तेवढ्याच रेघेपुरती सिलिका पोखरतो, असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात आणि प्रकाश विखुरल्यामुळे ती रेघ पांढरी दिसते. पाण्याला फेस आला की तो पांढरा दिसतो तसेच. रसाचे काम लेपाला चिकटपणा देण्याचे. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मण्यांचे कोडे एका म्हाताऱ्याच्या ओट्यावर सुटले.

या मण्यांवर मराठी माणसाने केलेले काम फारसे कुणाला माहीत नसते. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९४९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे भारतातल्या अशा नक्षीदार मण्यांवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. नक्षीचे प्रकार आणि ती कुठल्या प्रदेशात सापडते यांची त्यांनी सांगड घातली. पुढे त्यांनी भारतीय काचेचा इतिहासही लिहिला. मणी म्हणजे उत्खननातला किरकोळ माल असे मानले जाण्याच्या काळात हा माणूस एकेका मण्याकडे भिंगातून बघत बसला होता. मराठीत त्यांच्यावर एखादा ऐसपैस लेख व्हायला हवा.

सेहवानच्या त्या रीतीचीही मी नक्कल करून पाहिली. धुण्याचा सोडा आणि नेपतीचा रस, निबेऐवजी बोरू. रेघ उमटली, मात्र फिकट आणि कडेने पसरलेली. सज्जीखार वनस्पतीच्या राखेतून येतो आणि त्यात बाजारी सोड्याखेरीज बरेच काही असते. फरक तिथे असावा. अजून करते आहे.

आता दुसऱ्या बाजूला येऊ. आज जत्रेपासून मॉलपर्यंत जे हिरवेगार, निळेभोर, गुलाबी अकीक मिळतात त्यांतले बहुतेक रंगवलेले असतात. ‘ग्रीन ऑनिक्स’ नावाने विकला जाणारा पोपटी खडा सहसा रंगवलेला कॅल्सेडनीच. ही विद्या एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइन या गावाने नावारूपाला आणली. अकीक सच्छिद्र असतो, म्हणून तो क्षारांचे द्रावण पितो. काळा हवा असेल तर दगड साखरेच्या पाकात मुरवायचा आणि मग गंधकाम्लात. आम्ल साखरेचा कोळसा करते आणि तो रंध्रांत कायमचा बसतो. रोमन लेखक प्लिनीने दगड मधात उकळून उजळण्याचा उल्लेख केला आहे, तेव्हा या कल्पनेचे मूळही जुनेच. निळ्यासाठी दोन लोहक्षार एकापाठोपाठ मुरवून आतच प्रशियन निळा तयार करतात. रसायन म्हणून हे सुंदर आहे, यात शंका नाही.

मग बेगडी कशाला म्हणायचे? भाजलेल्या अकिकाचा रंग दगडाच्याच लोहाचा, म्हणून तो खरा आणि साखरेने काळा केलेला खोटा, अशी रेघ ओढणे सोपे आहे. पण मग डांकाचे काय? तो तर दगडाच्या बाहेरचा, आणि तरीही त्यावर आपली सर्वांत राजस कारागिरी उभी आहे. मीना तर सरळ सरळ रंगीत काच. माझे मत असे, की रंग कुठून आला याने फरक पडत नाही. तो टिकणार आहे का, आणि तो कसा आणला हे घेणाऱ्याला सांगितले का, याने पडतो. साखरेचा काळा टिकतो. स्वस्त सेंद्रिय रंगांत बुडवलेला गुलाबी अकीक मात्र खिडकीतल्या उन्हात एका मोसमात विटतो, आणि तो ‘नैसर्गिक’ म्हणून विकलेला असतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून खड्यावर घासला तर काही वेळा बोळाच गुलाबी होतो. विकणाऱ्याच्या समोर ही परीक्षा करायला आपण लाजतो, एवढेच.

हाताने दागिने करणाऱ्या बऱ्याच तरुण मुली मला भेटतात. मणी ऑनलाइन मागवतात, रंगांची जुळवणी फार विचारपूर्वक करतात, आणि तिला प्रयोग म्हणतात. तो प्रयोग आहेच. डाळिंबी अकिकाशेजारी पिरोजी ठेवला की दोन्ही उठून दिसतात, हे डोळ्याने शोधणे काही कमी नाही. फक्त त्यांच्या हातात येणारा रंग आधीच कुणीतरी शोधून, भाजून, घासून दिलेला असतो, आणि त्या कुणातरीचा चेहरा कधी समोर येत नाही.

त्या माणसाबद्दल सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. विस्तवातून निघालेला लाल दगड निस्तेज दिसतो. त्याची कांती घासण्यातून येते. खंभातमध्ये घासणीच्या चाकांना वीज लागली, काम वेगाने होऊ लागले, आणि दगडाची धूळही त्याच वेगाने उडू लागली. ही धूळ म्हणजे शुद्ध सिलिका. ती फुप्फुसात जाऊन बसली की सिलिकोसिस होतो; छाती हळूहळू दगडासारखी होत जाते आणि त्यावर इलाज नाही. क्षयरोग अशा माणसाला चटकन धरतो, आणि कित्येकदा क्षय म्हणूनच उपचार होत राहतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या अकीक कामगारांची पाहणी केली तेव्हा चाकावर न बसणाऱ्या, पण त्याच वस्तीत राहणाऱ्या माणसांतही हा रोग आढळला. चाक घराच्या ओसरीत असते. शेजारी बाई मणी ओवत बसते, मूल रांगत असते.

धूळ ओढून घेणारे पंखे बसवता येतात. पाणी सोडून ओली घासणी केली तर धूळ बरीच दबते. माझ्या परसातले चार गोटे मी पाण्याखाली, हाताने, सहाणेवर घासते. एका मण्याला दोन-तीन संध्याकाळी जातात, आणि मला कुणाला हिशेब द्यायचा नसतो. खंभातच्या कारागिराला तो द्यायचा असतो. ओल्या घासणीला वेळ जास्त लागतो, आणि मजुरी नगावर मिळते.